जेल कोमट करताना

मशीन माझ्या तळहाताएवढं.
कुलूप मात्र धान्याच्या कोठीला शोभेल असं.
एक किल्ली माझ्या कमरेला, एक मेट्रनबाईंकडे,
आणि कपाटावर तीच पाटी, जी खालच्या मोठ्या खोलीवर आहे:
इथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
लेकरांच्या वॉर्डात ही पाटी वाचून
मानवतचे एक आजोबा म्हणाले,
"सिस्टर, इथं तर समदी जन्मून बसलेली हायती."
हसले मी. पाटी काढता येत नाही.

परभणीत मार्चातच खिडकीचे गज हाताला चटका देतात.
सोनोग्राफीचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी.
बाकीच्या दिवशी पोटातलं दुखणं
कसं धरून ठेवायचं,
हे लेकरांना कुणी शिकवलेलं नसतं.
जुन्या नोंदवहीत 'आणले' आणि 'तपासले'
या दोन रकान्यांमध्ये कधी पाच तास, कधी अख्खी रात्र,
एकदा दुसरा रकाना कोराच.
त्या पानाला मी घडी घातलेली नाही,
तरी वही तिथंच उघडते.

आज बुधवार.
सिमिंता चारठाण्याहून आली, काळी-पिवळीतून,
दहा महिन्यांची कादंबरी खांद्यावर.
आधी किंचाळायची, पाय पोटाशी ओढायची,
मग गप्प. माय म्हणाली,
"आता जरा बरं वाटतंय की वं तिला."
मला त्या गप्पपणाची ओळख आहे.
लंगोटात जांभळाचा गर सांडल्यासारखं लाल.

डॉक्टर नौशीन काझी, नोकरीचं पहिलंच वर्ष,
मोबाइलला वायर जोडतात.
मी जेलची बाटली काखेत धरते.
थंड जेलनं लेकरू दचकतं, पोट आवळतं,
मग कुठलंच यंत्र हुशार राहत नाही.

त्यातलं एआय पडद्यावर बाण काढतं: थोडं उजवीकडे.
पुन्हा बाण: अजून थोडं. दाबू नका.
थोरली जाऊ भाकरी थापायला शिकवते तसं,
फक्त आवाज न चढवता.
मग हिरवी चौकट,
चौकटीत कांद्याची चकती,
कड्यात कडं, त्यात कडं.
आतड्यानं आतडं गिळलेलं.
खाली आकडा, सत्याऐंशी.

मॅडम आकड्याकडे बघत नाहीत.
मागच्या आठवड्यात ह्याच चौकटीनं
वायूच्या फुग्याला गाठ म्हटलं होतं.
आडवं बघतात, उभं बघतात,
ओठांत काहीतरी मोजतात.
"आहे. सर्जनना फोन लावा."
अकरा मिनिटं.

पुढचं लिहायचं नव्हतं.
एकोणीस वर्षांपूर्वी, एका आखाड्यावर,
गाडीच्या डिकीतून असंच मशीन निघालं होतं,
एवढं लहान नव्हे, सुटकेसएवढं.
जेल थंड होतं.
कुणी नाव विचारलं नाही, कुठं काही नोंदवलं नाही.
तोंडानं कुणी काही बोललंही नाही,
फक्त त्या माणसानं सासऱ्यांनी पुढं केलेला
पेढ्यांचा पुडा परत सरकवला.
मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते.
मला सगळं समजत होतं.

दुपारी सर्जन आले.
नळीतून सलाइन चढत गेलं
आणि त्याच छोट्या पडद्यावर
कडं कड्यातून मागं मागं सरकलं,
बोटात अडकलेली अंगठी
साबणानं निघावी तसं.
सिमिंतानं विचारलं, "काय झालं?"
मॅडमना शब्द सापडेना. मी म्हटलं, "सुटलं."

आता मशीन पुसून कपाटात.
दोन सह्या, कुलूप, कुलूप ओढून बघणं.
नोंदवहीत: आणले, बारा पाच. तपासले, बारा सोळा.
नाव, वय, गाव.
लिंग हा रकाना मी नेहमी शेवटी भरते.
स्त्री, असं लिहिलं.
अक्षर जरा मोठं आलं,
शेजारच्या रकान्यात घुसलं.